खरी सूचना मेलमध्ये, खोटी कानात

सेलू तालुक्यातील वालूर हे बारवांचे गाव म्हणून अलीकडे परभणी जिल्ह्याबाहेरही ओळखले जाऊ लागले आहे. तिथल्या चक्राकार बारवेच्या पायऱ्या सरळ खाली जात नाहीत. गोल फिरत पाण्याकडे उतरतात. गाळाने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली, तिचे चित्र टपाल खात्याच्या पोस्टकार्डावर आले आणि तालुक्यापुरते माहीत असलेले हे नाव दूरदूरचे लोक नकाशावर शोधू लागले. गावाच्या नावाला अशी ओळख मिळाली की त्या नावाने काही उभे करावे असे तिथल्या तरुणांना वाटणारच. कुणी पर्यटकांसाठी वेबसाइट काढेल, कुणी तूरडाळ विकण्यासाठी, कुणी शाळेची माहिती देण्यासाठी. त्यासाठी इंटरनेटवर आधी एक नाव घ्यावे लागते, ज्याला डोमेन म्हणतात. ते नाव हातचे जाईल या धास्तीवर चालणारा फोनचा एक धंदा आहे. त्याची रीत समजून घेणे आता मुंबई-पुण्याच्या कंपन्यांइतकेच वालूरसारख्या गावालाही गरजेचे झाले आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. वालूर परिसरातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने दोन वर्षांपूर्वी वेबसाइट काढली. सेलूतल्या ओळखीच्या मुलाने नाव घेऊन दिले, पाने तयार केली, पैसे घेतले आणि पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला. आता सोयाबीनची काढणी सुरू आहे, मळणीयंत्र शेतात आले आहे आणि अध्यक्षांचा फोन वाजतो. "सर, डोमेन विभागातून बोलतोय. तुमच्या वेबसाइटची मुदत चौदा तारखेला संपते आहे. आज सहाच्या आत रिन्यू केलं नाही, तर नाव दुसऱ्या पार्टीला जाईल. एक पार्टी थांबलेलीच आहे." अध्यक्षांना तारीख आठवत नाही. त्या मुलाचा फोन लागत नाही. बोलणारा वेबसाइटचे नाव बिनचूक सांगतो, तारीख बिनचूक सांगतो, कंपनीचा पत्ताही सांगतो. पाच वर्षांचे पॅकेज, सुरक्षा आणि 'गुगल नोंदणी' मिळून पंधरा हजार रुपये. यूपीआयची लिंक येते आणि मळणीच्या आवाजात पैसे जातात.

हा प्रसंग उदाहरणादाखल रचलेला आहे. त्यातली युक्ती मात्र वीस-पंचवीस वर्षे जुनी आहे आणि जगभर वापरून झालेली आहे. ती चालते कशी, याचे उत्तर एका प्रश्नात आहे: त्या माणसाला तारीख कशी कळली? ऐकणाऱ्याच्या मनात हा प्रश्न उठतो आणि त्याचे उत्तरही तोच देऊन टाकतो: ज्याला तारीख माहीत आहे तो आपल्याच कंपनीचा माणूस असणार. सगळी फसवणूक या एका समजुतीवर उभी आहे आणि ती समजूत चुकीची आहे.

डोमेन विकत मिळते असे आपण म्हणतो, पण खरे तर ते मुदतीच्या पट्ट्याने मिळते. एका वेळी एक ते दहा वर्षांपर्यंतचा पट्टा घेता येतो. मुदत संपायच्या आत पैसे भरून तो वाढवायचा असतो. या पट्ट्यांची जगभराची नोंदवही असते. जागतिक पातळीवर या व्यवस्थेचे नियम आयकॅन ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था ठरवते. आपल्या 'डॉट इन' नावांचा कारभार निक्सी म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. 'डॉट कॉम'ची मुख्य वही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे आहे. ग्राहकाला नाव देणाऱ्या दुकानदार कंपन्यांना रजिस्ट्रार म्हणतात. त्या वहीतली काही माहिती कुणालाही पाहता येते: नाव कधी नोंदले, कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, मुदत कधी संपते. पूर्वी ही माहिती 'हू इज' नावाच्या सेवेतून मिळे. जानेवारी २०२५ पासून आयकॅनच्या नियमांखालील बहुतेक नावांसाठी तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. पूर्वी मालकाचे नाव, फोन आणि पत्ताही तिथे उघडा असे. युरोपातील खासगीपणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यावर तो भाग बहुतांश झाकला गेला. तारीख मात्र उघडीच राहिली.

शेतकऱ्याला हे समजणे अवघड नाही. सातबारा कुणालाही पाहता येतो. तुमच्या गटाचा नंबर, क्षेत्र आणि पीक एखाद्या अनोळखी माणसाने फोनवर घडाघडा सांगितले, म्हणून तो तलाठी ठरत नाही. त्याने उतारा पाहिला आहे एवढेच त्यातून कळते. डोमेनची तारीख सांगणाऱ्याचेही तसेच आहे. त्याने वही पाहिली आणि फोन नंबर तुमच्याच वेबसाइटच्या संपर्क पानावरून उचलला. जमिनीच्या बाबतीत जी सावधगिरी मराठवाड्यातल्या माणसाच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे, ती या नव्या मालमत्तेच्या बाबतीत अजून आलेली नाही. सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. डोमेनच्या नोंदीत कुणाचे नाव आहे, हे अनेकदा कंपनीच्या अध्यक्षालाही ठाऊक नसते.

या उघड्या वहीचा धंद्यासाठी वापर पहिल्यापासून झाला. न्यूयॉर्कच्या रजिस्टर डॉट कॉम या रजिस्ट्रारने २००० मध्ये व्हेरिओ या कंपनीवर दावा लावला. व्हेरिओने एक यांत्रिक प्रणाली तयार केली होती. ती रोज नव्याने नोंदलेली नावे शोधी, वहीतून त्यांच्या मालकांचे संपर्क उचली आणि मग त्या नव्या ग्राहकांना मेल, टपाल आणि फोन जात. नाव नोंदवून काही दिवस होतात न होतात तोच, त्या नोंदणीचा उल्लेख करून कुणी बोलू लागल्यावर हा आपल्याच रजिस्ट्रारचा माणूस असे ग्राहकाला वाटणे साहजिक होते, आणि तशा तक्रारी आल्या. न्यायालयाने व्हेरिओला मनाई केली आणि वरच्या न्यायालयाने २००४ मध्ये ती कायम ठेवली. तेव्हा नाव नोंदवल्यावर फोन येत, आता मुदत संपायच्या आधीही येतात. ग्राहकाच्या मनात होणारा गोंधळ तोच आहे.

नूतनीकरणाच्या फसवणुकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण कॅनडातून चालणाऱ्या डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या कंपनीचे. नाव ऐकून सरकारी खाते वाटावे, अशी योजना होती. ती लोकांना टपालाने बिलासारखे दिसणारे कागद पाठवी. त्यावर ग्राहकाचे खरे डोमेन, खरी तारीख आणि भरायची रक्कम असे. ग्राहक समजे की हे आपले नेहमीचे बिल. पैसे भरले की मात्र त्याचे नाव जुन्या रजिस्ट्रारकडून काढून या नव्या कंपनीकडे नेण्याची प्रक्रिया सुरू होई, तीही पुष्कळदा चढ्या दराने. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर कारवाई केली आणि डिसेंबर २००३ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार ग्राहकांना परतावा द्यावा लागला. तरीही असे कागद पुढे अनेक वर्षे लोकांच्या पेट्यांत पडत राहिले. याच व्यवहाराशी जोडलेल्या ब्रँडन ग्रे या रजिस्ट्रारची मान्यता आयकॅनने जुलै २०१४ मध्ये तीन महिन्यांसाठी निलंबित केली. पहिली कारवाई आणि हे निलंबन यांत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. एकेका ग्राहकाचे नुकसान थोडे असते, त्यामुळे कुणी फार ओरडत नाही आणि धंदा तगून राहतो.

हा फक्त भुरट्यांचा उद्योग होता, असे मात्र समजू नये. 'डॉट कॉम'ची वही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइननेच २००२ मध्ये दुसऱ्या रजिस्ट्रारांच्या ग्राहकांना मुदत संपत असल्याच्या सूचना पाठवल्या. त्या वाचून आपल्याच कंपनीचे पत्र आले असे लोकांना वाटले. बल्करजिस्टर ही प्रतिस्पर्धी कंपनी न्यायालयात गेली आणि तिने मनाई हुकूम मिळवला. पुढच्या वर्षी ट्रेड कमिशननेही या समूहातील नेटवर्क सोल्यूशन्सला अशा दिशाभुलीपासून रोखणारी तडजोड केली. ज्यांच्या हाती वही आहे त्यांनाच ग्राहकाच्या धास्तीचा मोह आवरला नाही, ही बाब आम्हाला कॅनडाच्या त्या कंपनीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

भारतात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे छोट्या गावातला माणूस थेट रजिस्ट्रारकडे जात नाही. तो तालुक्याच्या वेबसाइटवाल्याकडे जातो. हा वेबसाइटवाला रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारकडची नावे पुढे विकणारा, असतो किंवा दुसऱ्या रिसेलरचा ग्राहक असतो. ही साखळी घडवण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ मध्ये मुंबईत डायरेक्टी ही कंपनी काढली. तिच्या रिसेलरक्लबमधून जगभरच्या लहान व्यावसायिकांना स्वतःच्या नावाने डोमेन विकता येऊ लागले. पुढे २०१४ मध्ये डोमेन-होस्टिंगचा हा व्यवसाय अमेरिकेच्या एन्ड्युरन्स समूहाकडे गेला. या व्यवस्थेने भले केले. कार्डाने डॉलर भरण्याची सोय नसलेल्या काळात परभणीच्या दुकानदारालाही रोख पैसे देऊन नाव मिळू लागले, तेही ओळखीच्या मुलाकडून. परंतु त्या साखळीत एक गोष्ट निसटली. नाव नोंदवताना मालक म्हणून कुणाचे नाव लिहायचे आणि मेल कुणाचा द्यायचा? घाईत वेबसाइटवाला स्वतःचाच देतो. त्यात पुष्कळदा वाईट हेतू नसतो. ग्राहकाकडे मेल नसतो, असला तरी पासवर्ड घरातल्या मुलाला माहीत असतो आणि काम उरकायचे असते.

पुढचे सारे इथून सुरू होते. आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी एकदा, आठवडाभर आधी एकदा आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एकदा सूचना द्यायची असते. हा नियम २०१३ पासून लागू आहे आणि प्रामाणिक रजिस्ट्रार तो पाळतातही. पण ती सूचना जाते नोंदीतल्या मेलवर, म्हणजे पुण्याला नोकरीला गेलेल्या त्या मुलाच्या जुन्या खात्यावर. भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते. सोबत त्याच रजिस्ट्रारच्या जाहिरातींचे वीस मेल असतात. ती सूचना कुणी उघडत नाही. खोटी सूचना मात्र थेट मालकाच्या खिशातल्या फोनवर येते, त्याला कळेल अशा भाषेत, त्याला 'सर' म्हणत, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेत. नियमाने खरे बोलायला बांधलेला माणूस मालकापर्यंत पोहोचत नाही आणि ज्याला काहीच बंधन नाही तो बरोबर पोहोचतो. आमच्या मते डोमेन नूतनीकरणाच्या फसवणुकीचे मूळ इथे आहे. ग्राहक अडाणी आहे, लोभी आहे, भोळा आहे, अशी जी कारणे दिली जातात ती आम्हाला पटत नाहीत. अध्यक्षांनी पैसे भरले ते कंपनीचे नाव जाऊ नये म्हणून. जबाबदार माणसाने जे करायला हवे तेच त्यांनी केले. त्यांना खरी बातमी देणारे कुणी नव्हते.

आज सहाच्या आत पैसे भरा, ही धमकी किती पोकळ आहे तेही पाहावे. 'डॉट कॉम' नावाची मुदत संपली की ते त्याच संध्याकाळी कुणा तिसऱ्याला मिळत नाही. रजिस्ट्रारच्या धोरणाप्रमाणे कमाल ४५ दिवसांपर्यंतचा काळ असा असतो, ज्यात जुना मालक साध्या दराने नूतनीकरण करू शकतो. ही सवलत किती दिवसांची, ते रजिस्ट्रार ठरवतो. त्यानंतर नाव रद्द करण्याची प्रक्रिया सुरू झाली तरी ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. त्यात दंडासह बरीच जास्त रक्कम भरावी लागते, पण नाव परत मिळते. मग पाच दिवस ते कुणालाच मिळत नाही आणि त्यानंतरच बाजारात येते. याचा अर्थ निवांत राहावे असा नाही. मुदत उलटली की वेबसाइट आणि त्या नावावरचे मेल बंद पडू शकतात, काही रजिस्ट्रार मधल्या काळातच नाव लिलावाला लावतात, आणि सोडून दिलेल्या नावावर पुढे जुगाराच्या जाहिराती दिसाव्यात असे जगात वारंवार घडते. शाळेच्या पत्त्यावर असे काही दिसले तर पालकांना काय वाटेल, याची कल्पना करवत नाही. मुद्दा एवढाच की हे दिवसांचे आणि आठवड्यांचे काम आहे, तासांचे नाही. फोन ठेवून, शांतपणे चौकशी करून, दुसऱ्या दिवशी पैसे भरायला जवळजवळ नेहमीच वेळ असतो. बोलणाऱ्याला तो वेळ तुम्हाला द्यायचा नसतो.

रकमेचेही तसेच. सप्टेंबर २०२४ पासून 'डॉट कॉम'चा वर्षाचा घाऊक दर १०.२६ डॉलर आहे. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि आपला जीएसटी धरला, तर साध्या नावाचे वार्षिक नूतनीकरण हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास बसते. रक्कम त्यापेक्षा फार फुगली तर जास्तीचे पैसे कशाचे, हे विचारायला हवे. अनेकदा ते 'गुगल नोंदणी'चे असतात. गुगलवर दुकानाची किंवा संस्थेची माहिती टाकायला गुगल पैसे घेत नाही. ती सेवा फुकट आहे. कधी ते शेजारच्या नावांचे असतात: तुमचे नाव कुणी 'डॉट नेट'मध्ये, कुणी 'डॉट को डॉट इन'मध्ये घेतो आहे, म्हणून तुम्हीच आधी घ्या. कुणीतरी परदेशी कंपनी तुमच्या नावासाठी अर्ज करून बसली आहे, असे सांगणाऱ्या मेलचा सुळसुळाट तर अनेक वर्षांपासूनचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'डॉट भारत' या देवनागरी नावांमुळे मराठीत पत्ता घेण्याची सोय झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ते घ्यायचे तर स्वतः ठरवून घ्यावे. फोनवरच्या भीतीपोटी नको.

पैसे जाण्यापेक्षाही मोठा धोका एका ठिकाणी आहे. डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी एक सांकेतिक क्रमांक लागतो. बोलणारा म्हणतो, तुमच्या मेलवर कोड आला असेल तो सांगा, किंवा हे ॲप टाका म्हणजे मीच स्क्रीनवर करून देतो. तो कोड देणे म्हणजे नावाची किल्ली देणे. पंधरा हजार रुपये गेले तर ते मोजता येतात. नावच परक्या खात्यात गेले, तर छापील पिशव्यांवरचा, बिलांवरचा, व्यापाऱ्यांच्या वह्यांतला पत्ता दुसऱ्याच्या ताब्यात जातो.

फोनच्या पलीकडच्या माणसाविषयीही बोलले पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे घातले, तेव्हा सातशेहून अधिक कर्मचारी ताब्यात घेतले गेले. ते अमेरिकी कर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिथल्या लोकांना धमकावत होते. तो गुन्हा वेगळा होता, पण त्याचा साचा आपल्या प्रसंगातला आहे: अधिकाराचा आव, आजची शेवटची वेळ, लगेच पैसे. त्या टेबलांवर बसलेली बहुतेक तरुण मुले होती, समोर लिहून दिलेला मजकूर वाचणारी. आमच्या जिल्ह्यातूनही दरवर्षी मुले अशा नोकऱ्यांच्या शोधात शहरात जातात. आपल्या घरातला मुलगा पुण्यात फोनवर नेमके काय बोलतो, हे आईवडिलांनी एकदा विचारावे असे आम्हाला मनापासून वाटते.

कायदा इथे अगदीच रिकाम्या हाताचा नाही. जाहिरातीच्या फोनसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाने १४० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्रीचा फोन करणारा नोंदणी नसलेला विक्रेता असतो आणि २०१८ च्या नियमांनुसार त्याची तक्रार करता येते. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर आणली. संशयास्पद फोनची माहिती संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षु' सुविधेवर देता येते. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर जितक्या लवकर कळवू तितके बरे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. खोटे नाव घेऊन संगणक किंवा फोनच्या साधनाने फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे, पण त्यात एक अडचण आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. मात्र व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याच्या व्याख्येतून वगळली आहे. एखाद्याने स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी ती घेतली असेल, तर तो ग्राहक ठरतो. म्हणजे सेलूच्या बाजारातील एकटा शिलाई दुकानदार दाद मागू शकेल, पण तीनशे शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला आधी आपण ग्राहक आहोत हेच सिद्ध करावे लागेल. लहान शेतकऱ्यांनी एकत्र यावे असे सरकार सांगते आणि एकत्र आल्यावर त्यांना व्यापारी ठरवून दाराशी उभे करते. या तरतुदीचा फेरविचार व्हायला हवा.

उघड फसवणूक आणि सभ्य विक्री यांच्यातली जागाही पाहिली पाहिजे. नामांकित रजिस्ट्रारही पहिल्या वर्षी नाव शंभर-दोनशे रुपयांत देतात आणि दुसऱ्या वर्षीचा दर छोट्या अक्षरांत लिहितात. पैसे भरण्याच्या पानावर होस्टिंग, मेल, सुरक्षा यांच्या खुणा आधीच केलेल्या असतात. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई निर्माण करणे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, किंमत थेंबाथेंबाने उघड करणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे या सगळ्यांचा त्यात समावेश आहे. ही तत्त्वे डोमेनच्या दुकानांना लावून पाहण्याचे काम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मनावर घ्यावे. पहिल्या वर्षीच खरा दर स्पष्ट कळला, तर दुसऱ्या वर्षी फोनवर सांगितलेला आकडा अवाच्या सव्वा आहे, हे ग्राहकाला ओळखता येईल.

आमची मुख्य मागणी निक्सीकडे आहे, कारण 'डॉट इन' आणि 'डॉट भारत' ही आपली नावे तिच्या हाती आहेत. नोंदीत मालकाचा स्वतःचा मोबाइल क्रमांक असावा, रिसेलरचा नसावा, आणि तो ओटीपीने तपासून घ्यावा. मुदत संपण्याआधीची सूचना त्या मोबाइलवर मालकाने निवडलेल्या भाषेत जावी. मराठीत चार वाक्ये: तुमचे नाव हे, मुदत ही, रजिस्ट्रार अमुक, वर्षाचा दर एवढा. बँका खात्यातल्या प्रत्येक रुपयाचा संदेश पाठवतात, वीज कंपनी बिलाचा पाठवते. नावाच्या मुदतीचा संदेश पाठवणे त्याहून कठीण नाही. खरी सूचना योग्य हातात, योग्य वेळी, आपल्या भाषेत पोहोचली तर खोट्या फोनला जागाच उरत नाही. आणि रिसेलरने ग्राहकाचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवणे हा नियमभंग मानून त्यावर दंड असावा. ओळखीचा मुलगा असला तरी.

नियम बदलेपर्यंत गावाने आपले काम करून ठेवणे बरे. सप्टेंबरअखेर शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या वार्षिक सभा होतात. ताळेबंद वाचला जातो, लेखापरीक्षक नेमला जातो, चहा होतो. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर आणखी एक विषय यावा: कंपनीचे डोमेन. आयकॅनच्या शोधपानावर किंवा 'डॉट इन'च्या नोंदणी पानावर नाव टाकून रजिस्ट्रार आणि तारीख सर्वांसमोर पाहावी. त्या रजिस्ट्रारच्या खात्यात कंपनीचाच मेल आणि सचिवांचा मोबाइल आहे का, ते तपासावे. नसेल तर पुण्याच्या त्या मुलाला तिथूनच फोन लावून खाते कंपनीच्या नावे करून घ्यावे. आणि मग इतिवृत्ताच्या वहीत, तारण कर्ज आणि गोदामाच्या भाड्याच्या नोंदीखाली लिहून ठेवावे: डोमेनचे नाव, रजिस्ट्रारचे नाव, मुदतीची तारीख, नूतनीकरणाचा दर, आणि पैसे भरायचे ते फक्त त्याच खात्यात शिरून, फोनवर आलेल्या कुठल्याही लिंकवर नाही. खाली अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या.